पळणारे क्यूबी : पास सुधारल्याशिवाय निभाव लागतो का?

चौथा_डाउन (धागाकर्ता) :

त्या ग्रीन कार्डाच्या धाग्यावर कुणीतरी अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) लमार जॅक्सनचा, म्हणजे बाल्टिमोर रेव्हन्सच्या पळणाऱ्या क्यूबीचा, विषय काढला आणि पुढची दोन पानं त्यावरच गेली, मूळ प्रश्न विचारणारा बिचारा कंटाळून निघून गेला. म्हणून हा वेगळा धागा. काय भांडायचं ते इथे भांडा.

माझं म्हणणं असं की क्वार्टरबॅक (क्यूबी, पास टाकून किंवा पळून टीमचा हल्ला चालवणारा) कितीही भन्नाट पळत असला तरी पास धड नसेल तर सप्टेंबर ते डिसेंबर धमाल येते आणि जानेवारीत, प्लेऑफला (बाद फेरीला), घरी बसावं लागतं. मायकेल विक बघा. २००१ च्या ड्राफ्टमधला (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) पहिला नंबर, अटलांटा फाल्कन्स. २००६ ला १,०३९ यार्ड पळाला, एका सीझनमध्ये हजाराच्या वर गेलेला पहिलाच क्यूबी. त्याच सीझनला त्याचे निम्म्याहून थोडेच जास्त पास पूर्ण झाले, ५२.६ टक्के, आणि टीम ७-९ (सात जिंकल्या, नऊ हरल्या). प्लेऑफसुद्धा नाही. पुढे २०१० ला फिलाडेल्फिया ईगल्सकडे कोच अँडी रीडच्या हाताखाली तोच माणूस ६२.६ टक्क्यांवर गेला, २१ टचडाउन पास आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेले पास). पाय तेच होते, उलट थोडे म्हातारे झालेले.

लमारचंही तेच. पहिल्या वर्षी प्लेऑफमध्ये चार्जर्सनी लाइनबॅकर (मधले दणकट डिफेंडर) काढून सात-सात डिफेन्सिव्ह बॅक मैदानात उतरवले, म्हणजे त्याच्याइतकं पळू शकणारी माणसं, आणि म्हणाले आता टाक पास. बराच वेळ काहीच जमेना, शेवटी शेवटी जरा हालचाल केली पण हरले २३-१७.

तर मुद्दा हा. बोला.

बाल्टिमोरकर :

आला का परत लमारवर. अरे बाबा २०१९ ला ३६ टचडाउन पास टाकले त्याने, लीगमध्ये सगळ्यात जास्त, वर १,२०६ यार्ड पळाला, एमव्हीपीची (सर्वोत्तम खेळाडूची) सगळीच्या सगळी मतं मिळाली. तोपर्यंत असं फक्त ब्रेडीला मिळालं होतं. हे "पास येत नाही" प्रकरण किती वर्षं चालवणार आहात?

चौथा_डाउन :

आणि १४-२ करून पहिल्याच प्लेऑफ मॅचला टायटन्सकडून स्वतःच्या घरी २८-१२ हरले ते? ते विसरलास वाटतं.

बाल्टिमोरकर :

मी त्या मॅचला स्टेडियमात होतो, मला नको सांगू. त्या मॅचमध्ये लमारने ५९ पास टाकले. एकोणसाठ! सीझनभर ज्या टीमने समोरच्याला पळवून पळवून मारलं, तिने १४-० मागे पडल्यावर घाबरून पळणंच सोडलं. तो स्वतः १४३ यार्ड पळाला तरी. म्हणजे तुझ्या धाग्याचं लॉजिक उलटं लागतं, जे येतं ते सोडून "खऱ्या क्यूबीसारखं" खेळायला गेलो म्हणून हरलो.

आणि हे एकदाच नाही झालं. जानेवारी २०२४, चीफ्स विरुद्ध एएफसी फायनल (सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, आधीची मॅच), पुन्हा आमच्या घरी. लीगमधली एक नंबरची पळणारी टीम आणि रनिंग बॅकना (पळण्यासाठीच ठेवलेल्यांना) पूर्ण मॅचमध्ये बॉल किती वेळा दिला? सहा. हरलो १७-१०, आणि स्कोअर बघा, धावून धावून सहज पार करता येण्यासारखा होता. कोचला जाऊन विचारा, लमारला कशाला.

कोथरूडकर :

मला एक बेसिक शंका आहे, हसू नका. हा बॉल हातात धरून खेळतात तरी फुटबॉल म्हणतात तोच ना? मुलगा मिनेसोटाला असतो, त्याच्यामुळे बघायला लागलोय, रविवारी रात्री साडेदहाची मॅच बघतो आणि सोमवारी पहाटेची पाच पन्नासची सोडतो कारण ऑफिस. तर शंका अशी की क्यूबी पळाला तर वाईट काय त्यात? दहा यार्ड मिळाले तर मिळाले ना, पास काय आणि पळून काय.

चौथा_डाउन :

काका वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच की दहा यार्ड पाहिजेत तेव्हा पळून मिळतात, पण सात पॉइंटनी मागे आहात, दीड मिनिट उरलंय आणि सत्तर यार्ड जायचंय तेव्हा पळत बसलात तर घड्याळ संपतं. तिथे साइडलाइनला टाकता आलं पाहिजे, मधे टाकता आलं पाहिजे आणि तेही समोरच्याला माहीत असताना की आता पासच येणार.

मुग्धा_एम :

वरच्या हाणामारीत एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये, डिफेन्स नक्की काय करतं ते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

क्यूबी पळणारा असला की त्याच्यासमोर मॅन कव्हरेज (एका माणसामागे एक माणूस) खेळायला टीम्स घाबरतात. कारण मॅनमध्ये डिफेन्सची माणसं आपापल्या रिसीव्हरच्या (पास पकडणाऱ्याच्या) मागे पाठ करून पळत असतात, क्यूबी निघाला तर कुणाचं लक्षच नसतं, वीस यार्ड गेल्यावर कळतं. म्हणून झोन खेळतात, म्हणजे प्रत्येकाने आपली जागा राखायची. झोनमध्ये सगळ्यांचे डोळे क्यूबीकडे, तो पळाला की तिघे चौघे समोरून येतात. शिवाय धावणं थांबवायला एक सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) पुढे आणून ठेवतात, म्हणजे मागे जागा मोकळी पडते. म्हणजे पायांमुळे डिफेन्स आधीच थोडं बांधलं जातं, काय खेळणार ते अर्धं उघड होतं, आणि अशा डिफेन्सविरुद्ध पास टाकणं खरं तर सोपं असतं. पण कधी? बॉल वेळेवर सुटला तर. झोनमध्ये मोकळा दिसल्यावर टाकू म्हटलं की उशीर झालाच, रिसीव्हर दोन माणसांच्या मधल्या फटीत पोचायच्या आधी बॉल हातातून गेलेला पाहिजे. आणि पळणाऱ्या क्यूबीला हीच सवय नसते, कारण आयुष्यभर, हायस्कूलपासून, पहिला रिसीव्हर दिसला नाही की तो पळालाय आणि पळून जिंकलाय. दुसरा तिसरा बघायची वेळच आली नाही.

त्यामुळे "पास सुधारा" म्हणजे हाताची ताकद नव्हे. विकचा हात काय कमी होता? बसल्या जागेवरून साठ यार्ड फेकायचा. सुधारायची असते ती वेळ, आणि बॉल सुटायच्या आधी डिफेन्स वाचणं.

ब्लिट्झचंही (क्यूबीवर जास्तीची माणसं सोडण्याचंही) तेच. नोव्हेंबर २०२१ ला मायामीने रेव्हन्सवर पूर्ण मॅच मागे सेफ्टी न ठेवता सगळी माणसं अंगावर पाठवली, गुरुवारची मॅच, २२-१०. तिथे पळायला जागाच नव्हती आणि पटकन सोडायचे पास प्लेबुकमध्ये पुरेसे नव्हते. मग पुढे २०२३ ला टॉड मंकन ऑफेन्स बघायला आला, रचना मोकळी झाली आणि लमार दुसऱ्यांदा एमव्हीपी झाला. बाल्टिमोरकर, हे तुमच्या बाजूनेच बोलतेय.

कबड्डीप्रेमी :

कळलं. एकाच बाजूने चढाई करणारा रेडर. पहिल्या हाफला पॉइंट आणतो, दुसऱ्या हाफला कोपरा येऊन थांबलेला असतो.

मुग्धा_एम :

हो तसंच. पण त्या बाजूची भीती घालवायची नाहीये, दुसरी बाजू जोडायचीये.

फिलीकर_काका :

उशिरा आलो. जेलन हर्ट्झचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचा निषेध.

हा मुलगा अलाबामाला होता. जानेवारी २०१८, कॉलेजची फायनल, जॉर्जियाविरुद्ध हाफटाइमला १३-० मागे. कोचने याला बसवला आणि पहिल्या वर्षाच्या टुआला उतरवला, कारण एकच, पास. टीम ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकली. सगळ्या देशासमोर ज्याला असं बाकावर बसवलं तो पुढे ओक्लाहोमाला गेला, २०२० ला ईगल्सनी दुसऱ्या राउंडला घेतला तेव्हा आमच्या फिलीत लोक म्हणत होते की हा काय क्यूबी नाही, ट्रिक प्लेला वापरतील. २०२१ ला ६१ टक्के, २०२२ ला रिसीव्हर ए. जे. ब्राउन आला आणि ६६ च्या वर. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलला ३०४ यार्ड पास, वर तीन टचडाउन स्वतः पळून. हरलो ३८-३५ पण त्या दिवशी मैदानावरचा सगळ्यात भारी माणूस तोच होता असं मी आजही म्हणतो. (हो, तो फंबल झाला, बॉल हातातून सुटला. माहितीये. नका काढू.)

मग फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल. चीफ्सनी ठरवलं आमचा रनिंग बॅक बार्कलीला अडवायचं. २,००५ यार्ड पळालेला माणूस समोर असताना दुसरं काय ठरवणार म्हणा. आणि हर्ट्झने २२ पैकी १७ पास पूर्ण केले, डेव्हॉन्टा स्मिथला तो ४६ यार्डाचा टाकला, ४०-२२, एमव्हीपी. म्हणजे चौथा_डाउन यांचं म्हणणं बरोबर आहे, पास सुधारला म्हणून कप आला.

बाल्टिमोरकर :

काका, त्याच मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून सगळ्यात जास्त कोण पळालं? हर्ट्झ, ७२ यार्ड. तो सुपर बोलमधला क्यूबीचा रेकॉर्ड आहे. आणि त्या सीझनला ईगल्स लीगमधल्या सगळ्यात कमी पास टाकणाऱ्या टीम्सपैकी एक होते. सोयीचे आकडे घेऊ नका 😀

फिलीकर_काका :

सोयीचे आकडे घ्यायला माझं वय झालंय, त्यात काय. पण बघ ना, कमी टाकले तरी जेव्हा टाकायचे होते तेव्हा लागले. पाचशे टाका म्हणून कोण म्हणतंय.

सुमडीत :

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेक्सासचे_आजोबा :

तुमची चर्चा वाचून मजा वाटली. मी १९८० च्या दशकापासून बघतोय, तेव्हा हे शब्द नव्हते, पळणाऱ्याला स्क्रॅम्बलर म्हणत. स्टीव्ह यंगचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. टॅम्पा बेला तो १९८५-८६ दोन वर्षं होता, स्टार्टर म्हणून ३ जिंकल्या, १६ हरल्या. मिळेल तेव्हा पळायचा, पळताना लोकांच्या अंगावर जायचा. १९८७ ला बिल वॉल्शने सॅन फ्रान्सिस्कोला आणला आणि समोर कोण, तर तिथला क्यूबी जो माँटाना. चार वर्षं जवळजवळ बाकावर. त्या बाकावर काय शिकला ते पुढे दिसलं. १९९४ ला त्याचं पासर रेटिंग ११२.८, तेव्हाचा विक्रम, आणि सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास, चार्जर्सविरुद्ध ४९-२६. आणि वर बाल्टिमोरकर म्हणतात तसंच इथेही आहे, त्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त पळालेला माणूस यंगच होता, ४९ यार्ड. म्हणजे त्याने पळणं टाकलं नाही, मागेपुढे केलं. आधी पळायचं आणि जमलं तर टाकायचं असं होतं, नंतर आधी बघायचं, टाकायचं आणि काहीच नसेल तर पळायचं असं झालं.

आजकालच्या पोरांना चार वर्षं बाकावर कोण बसवतो? पहिल्या राउंडला घेतला की सप्टेंबरला उतरवतात. मग शिकणार कधी.

निशिगंध :

+१ आजोबा. रँडल कनिंगहॅमही त्यातलाच. १९९० ला ९४२ यार्ड पळाला, आणि १९९८ ला व्हायकिंग्जकडे पस्तिशीत, पाय थकल्यावर, ३४ टचडाउन पास. टीम १५-१. समोर रँडी मॉससारखा रिसीव्हर असल्यावर काय म्हणा, वर फेकायचा आणि बघत बसायचं.

कोथरूडकर :

मिनेसोटाचं नाव आल्यावर मुलाला फोन लावला. तो म्हणाला बाबा १९९८ चं नाव घरात काढायचं नाही.

विदर्भवीर :

सगळं ठीक आहे पण एक जण बोलत नाहीये ते मी बोलतो. "पळणारा क्यूबी" हे लेबल कुणाला लावतात ते बघा ना भाऊ. २०१८ च्या ड्राफ्टला जॉश अ‍ॅलन सातवा गेला, लमार बत्तिसावा. कॉलेजमध्ये अ‍ॅलनचे ५६.२ टक्के, लमारचे ५७.०. लमारकडे हाइझमन ट्रॉफी (कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू), अ‍ॅलन वायोमिंगचा. तरी एकाला म्हणाले हात बघा काय आहे, शिकेल हळूहळू, आणि दुसऱ्याला बिल पोलियनसारखा मोठा माणूस टीव्हीवर म्हणाला रिसीव्हर हो. हे आजचं नाही. वॉरन मून १९७८ ला कुणी घेतला नाही, कॅनडात जाऊन सहा सीझन खेळला, लागोपाठ पाच ग्रे कप (तिथली फायनल) जिंकले, मग यांना दिसला. काळ्या पोराला हात असला तरी याचे पायच मोजणार, हे किती जुनं आहे. "पास सुधारायला पाहिजे" हे वाक्य काहींसाठी सल्ला असते आणि काहींसाठी गेटवरचा वॉचमन.

चौथा_डाउन :

विदर्भवीर, हे मान्य आणि धाग्यात यायलाच पाहिजे होतं. पण त्याच अ‍ॅलनमुळे माझा मुद्दा पक्का होतो. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. ऑफ सीझनला फेकण्याची पद्धत मुळापासून बदलली, पायांची ठेवण, कंबर, सगळं. त्यात रिसीव्हर स्टिफॉन डिग्ज आला, डाबोल ऑफेन्स बघायला होताच. पळणं तसंच राहिलं, अजूनही गोल लाइनला रेड्यासारखा घुसतो. पण पहिल्या दोन वर्षांचा अ‍ॅलन तसाच राहिला असता तर २०२४ चा एमव्हीपी झाला असता का?

विदर्भवीर :

नसता झाला. पण त्याला तीन वर्षं आणि डिग्ज दिला ना. बाकीच्यांना देता का ते विचारतो आहे.

मुग्धा_एम :

विदर्भवीरांच्या प्रश्नाचं उत्तर जस्टिन फील्ड्स. २०२२ ला शिकागोकडून १,१४३ यार्ड पळाला, मायामीविरुद्ध एकाच मॅचमध्ये १७८. टीम ३-१४. रिसीव्हर नाहीत, क्यूबीला वाचवणारी लाइन चाळणी, ५५ वेळा सॅक (पास टाकायच्या आधीच पाडला). आता त्यातले सगळे लाइनमुळे नव्हते, बॉल हातात धरून ठेवायची सवय त्याचीच, मी वर म्हटलं तेच, मोकळा दिसेपर्यंत थांबणं. पण पुढच्या वर्षी टक्केवारी थोडी वर आली आणि तरी तोपर्यंत शिकागोला ड्राफ्टचा पहिला नंबर मिळाला, केलेब विल्यम्स घेतला, फील्ड्सला पिट्सबर्गला अगदी स्वस्तात देऊन टाकला. कुणाची किती चूक, यावर अख्खा वेगळा धागा होईल.

अँथनी रिचर्डसन मात्र वेगळा. २०२४ ला ४७.७ टक्के. हे काही परिस्थितीचं नाही, उघड्या माणसाच्या डोक्यावरून बॉल जायचे.

डॉ_साठे :

दुखापतीचं कुणी बोललं नाही, तेवढं लिहून पळतो. लोक म्हणतात पळणारे मोडतात म्हणून पास शिकायचा. आरजीथ्री (रॉबर्ट ग्रिफिन) हे नेहमीचं उदाहरण, डिसेंबर २०१२ ला पळताना गुडघ्याला लागलं, तसाच खेळवला, जानेवारीत सीहॉक्सविरुद्ध गुडघा गेला आणि करिअरही. त्यात पळण्यापेक्षा "तसाच खेळवला" हा भाग जास्त आहे असं माझं मत. उलट लमारचे दोन सीझन ज्यात वाया गेले त्या दोन्ही दुखापती बघा. २०२१ ला घोटा, पास टाकल्यावर अंगावर येऊन कुणीतरी पडला. २०२२ ला गुडघा, पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाला) सॅक. पळताना तुम्हाला मारणारा दिसत असतो, खाली बसता येतं, बाहेर जाता येतं. पॉकेटमध्ये उभं राहून लांब बघताना गुडघ्यावर कोण येतंय ते दिसत नाही. कॅम न्यूटनचा खांदा हा दोन्हीचा मिळून हिशोब, इतकी वर्षं लाइनबॅकरसारखा धडका देत होता आणि त्याच खांद्याने फेकत होता.

बाल्टिमोरकर :

डॉक्टर, धन्यवाद. हे प्रिंट काढून ऑफिसात लावतो.

टीबो_भक्त :

टिम टीबो. २०११. ४६.५ टक्के. प्लेऑफ जिंकला. विषय संपला.

निशिगंध :

जिंकला तो पासवर! स्टीलर्सविरुद्ध ३१६ यार्ड, ओव्हरटाइमचा पहिलाच प्ले, डिमेरियस थॉमसला ८० यार्ड. पुढच्या आठवड्यात पॅट्रियट्सनी ४५-१० ने धुतला.

टीबो_भक्त :

विषय संपला म्हटलं ना.

चौथा_डाउन :

हहपुवा.

बाल्टिमोरकर, आता तुला सरळ प्रश्न, चिडू नकोस. २०२४ चा लमार घे. ४,१७२ यार्ड पास, ९१५ यार्ड पळून, असं कुणीच कधी केलं नव्हतं. ४१ टचडाउन, ४ इंटरसेप्शन. हा लमार आणि २०१८ चा, चार्जर्ससमोर अडकलेला लमार, यात कुठला जास्त जिंकवेल? पाय २०१८ ला जास्त ताजे होते.

बाल्टिमोरकर :

२०२४ चा, अर्थातच. पण त्याच लमारची टीम जानेवारीत बफेलोला २७-२५ हरली. २५ पैकी १८ पास पूर्ण, शेवटी टचडाउन टाकून दोन पॉइंटनी मागे आणलं, कन्व्हर्जनचा (टचडाउननंतर दोन पॉइंटची जादा संधी) पास मार्क अँड्र्यूजच्या हातात ठेवला आणि त्याने सोडला. पहिल्या हाफला लमारनेही बॉल घालवला, इंटरसेप्शन आणि फंबल, ते नाकारत नाही. पण आता यात "पास सुधार" कुणाला सांगायचं? पास सुधारला, तुम्ही म्हणाल तितका सुधारला, तरी सुपर बोल नाहीच. मग निकष काय? यश म्हणजे सुपर बोल जिंकल्याची अंगठी असेल तर डॅन मरिनोलाही काढा यादीतून, तो तर दोन पावलंही पळत नव्हता.

फिलीकर_काका :

मरिनोला मधे आणू नकोस रे, तो कुणाचाच नाही.

मुग्धा_एम :

मला वाटतं जेडन डॅनियल्सकडे बघायला हवं. २०२४, पहिलंच वर्ष, ६९ टक्के आणि ८९१ यार्ड पळून, वॉशिंग्टन एनएफसी फायनलपर्यंत. तो कॉलेजमध्ये पाच वर्षं खेळून आला, आधी अ‍ॅरिझोना स्टेट, मग एलएसयू. आजोबांचं बाक म्हणतात ते आता कॉलेजातच होतंय, चार-पाच वर्षं तिथे चुका करून मगच वर येतात. रिचर्डसन फ्लोरिडात एकच वर्ष स्टार्टर होता.

टेक्सासचे_आजोबा :

हे पटलं. एक वर्ष खेळलेल्या मुलाला चौथ्या नंबरला घ्यायचं आणि दुसऱ्या वर्षी म्हणायचं याला येत नाही.

चौथा_डाउन :

त्या फायनलला ईगल्सनी ५५ मारले होते, काका आता येतीलच.

फिलीकर_काका :

५५-२३. आलो.

बाल्टिमोरकर :

मी निघालो, किराणा आणायचाय. विदर्भवीर, मूनवर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

कोथरूडकर :

शेवटची शंका. चीफ्सचा क्यूबी महोम्स पळतो की नाही? मुलगा म्हणतो तो पळणारा क्यूबी नाही, पण मी बघतो तेव्हा तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार संधींपैकी तिसरीला) हा नेमका पळून पहिला डाउन घेतो.

मुग्धा_एम :

पळतो, आणि नेमका तेव्हाच पळतो. हर्ट्झ हरला त्या सुपर बोलला शेवटच्या ड्राइव्हमध्ये मुरगळलेल्या घोट्यावर २६ यार्ड गेला. डिफेन्स मागे सरकून पास अडवायला थांबलेलं, समोर मैदान मोकळं. मुलाला म्हणावं २०२३ च्या त्या मॅचचा शेवटचा ड्राइव्ह परत लाव, आणि बॉल सुटायच्या आधी लाइनबॅकर कुठे बघतायत तेवढंच बघा.

फिलीकर_काका :

मी नाही बघणार.